मिनिटभर मागचं पाणी

तेलंगणातल्या भीमपुरात समुद्र कुणी पाहिला होता? भिवाजी सारांनी, गावच्या मास्तरांनी, पाहिला होता, तोही एकदाच, चैत्यभूमीला गेले तेव्हा, गर्दीत कुणाच्या तरी खांद्यावरून. पण त्या रविवारी सकाळी सार अशा तोऱ्यात बोलत होते, की समुद्र जसा काही त्यांच्याच शाळेतून पास होऊन गेला होता.

"फळीवर उभं राह्यलं का पंच लोकं गुण देतेत. पडलं का गुण गेले. लय सोपं हाय," त्यांनी टीव्हीला मोबाईल जोडता जोडता समजावलं.

"मंग तुमीच जाऊन उभे राहा ना," शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसून सगळ्यांच्या पुढे बसल्या. त्या बहात्तरच्या होत्या, त्यांना कोण बोलणार?

फळीवर उभी राहणार होती सारांची मुलगी, मैत्री. बावीस वर्षांची पोर, चेन्नईला नोकरीला. तिथं सुट्टीच्या दिवशी ती लाटांवर फळी चालवायला शिकली आणि आज चक्क स्पर्धेत उतरली होती. सार कालपासून जमिनीवर नव्हते. मैत्रीची आई भागीरथा मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातात तुरीच्या शेंगांचं ताट होतं, पण मघापासून एकही शेंग सोलून झाली नव्हती.

तिच्या डोक्यात आदल्या संध्याकाळचा फोन होता.

"आई, इथं सारेच नावानं वरडतेत," मैत्री म्हणाली होती. "माह्या रूमवरची हर्षाली काठावर फोन चालू ठेवून उभी राहीन. उद्या तू मले नावानं हाक मार."

"बाबा मारतीन ना."

"मले तुझी पाह्यजे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुले कधी सांगतलं नाई. पाण्यात गेली का मले दरवेळी तुझी हाक ऐकू येते. दादाच्या नावाची. एकदा माह्या नावाची येऊ दे ना, आई."

आपली ती हाक लेकीलाही नऊ वर्षं ऐकू येत होती, हे भागीरथेला तेव्हा कळलं. ती "जेवली का?" एवढंच म्हणाली.

पैनगंगेकाठची जुनी माणसं पाण्यातल्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत, असं द्वारकाबाई सांगायच्या. टाळी वाजवावी, काठी आपटावी, पण नाव घेऊ नये; पाणी ते ऐकून ठेवतं. भिवाजी सार यावर भडकायचे. "आपण हे सारं सोडलं. बावीस प्रतिज्ञा काय भिंतीवर टांगाले घेतल्या?" भागीरथाही हसायची. तिला तरी कुठं ते खरं वाटत होतं?

नऊ वर्षांपूर्वी ती नदीवर गोधड्या धूत होती. तेरा वर्षांची मैत्री गुडघाभर पाण्यात खेळत होती. सतरा वर्षांचा हर्षदीप पलीकडच्या काठाला, महाराष्ट्राला, हात लावून येतो म्हणून निघाला होता. भागीरथेनं मान वर केली तेव्हा तो पलीकडच्या काठापासून दहा-बारा हातांवर होता. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "हर्षदीप! माघारी ये!"

आणि तो वळला. ऐकणारं पोरगं होतं ते, आईचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता त्यानं. दमलेला असताना अख्खी नदी पुन्हा कापायला निघाला आणि मधल्या धारेत दिसेनासा झाला. उनाड असता तर पलीकडे पोचला असता. भागीरथा नऊ वर्षं हेच मनात घोळवत होती.

त्या दिवसापासून तिनं कुणालाही नावानं हाक मारली नव्हती. मैत्री 'पोरी' झाली, कधी 'बाई' झाली. आणि दुपारी घर सामसूम झालं, की पडवीतून मोरीपर्यंत ओल्या पायांचा आवाज जायचा. चपक, चपक. भागीरथा उठून बघायची तर फरशी कोरडी. त्याच वेळी सार पेपरातून डोकं वर काढायचे आणि पुन्हा खाली घालायचे. दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नाही.

टीव्हीवर लाल बनियनमध्ये मैत्री दिसली. पालथी पडून, हातांनी पाणी मारत ती लाटांकडे चालली होती. इकडे दुसऱ्या फोनवर हर्षाली एकदम किंचाळली, "काका, उभी राहिली! कसली लाट पकडली!" आणि टीव्हीवर तर मैत्री अजून पालथीच.

सार गोंधळले. मग टीव्हीतली मैत्री उठून उभी राहीपर्यंत त्यांनी घड्याळ लावलं. शेवटी मास्तरच ते. "टीव्हीतलं पाणी मिनिटभर मागचं हाय," त्यांनी निकाल दिला.

"म्हंजे आपण होऊन गेलेलं पाहून राह्यलो?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"हो. हे पोरगी आधीच सांगते, मजाच जाते." सारांनी फोनचा आवाज पार कमी करून टाकला. "आपला आवाज तिकडं जाऊ द्या. तिकडचा नको."

होऊन गेलेलं. भागीरथेला तो शब्द सोसवेना. तिनं ताट खाली ठेवलं.

शेवटच्या लाटेला सार उठून उभे राहिले. "मैत्री! मैत्री!" द्वारकाबाईही ओरडायला लागल्या, पाणी नाव ऐकून ठेवतं, हे त्या साफ विसरल्या होत्या. भागीरथेनंही तोंड उघडलं. लेकीनं एवढं एकच मागितलं होतं. पण नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं.

लाट उचलली. मैत्री उभी राहिली, हात पसरून, हसत. मग फळी सटकली आणि ती खाली गेली. वरून पांढरा फेस कोसळला. थोड्या वेळानं फळी वर आली, एकटीच.

द्वारकाबाईंचा हात तोंडावर गेला. फेस पसरत गेला, पाणी सपाट झालं, डोकं कुठंच नाही. आणि भागीरथेला मागून, पडवीतून, ओल्या पायांचा आवाज ऐकू आला. चपक, चपक. तो मोरीकडे गेला नाही. थेट तिच्या पाठीशी येऊन थांबला.

तिच्या पोटातून हाक फुटली. "हर्षदीप!"

आपण काय बोललो, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती मटकन खाली बसली. पाण्यातल्या लेकीला तिनं बुडालेल्या लेकाच्या नावानं हाक मारली होती.

फोनमधून बारीक आवाज आला. सारांनी झडप घालून आवाज वाढवला.

"आई." मैत्रीला धाप लागली होती. "आई, मी वाळूवर हाव. लाटेनंच आणून टाकलं मले. हर्षालीनं फोन कानाले लावला, तवाच तुझी हाक आली."

"पोरी, नाव चुकलं माह्यं," भागीरथा कशीबशी म्हणाली.



"नाई चुकलं," मैत्री म्हणाली. "तो बी बाहेर आला, आई. दोघं बी आलो."

टीव्हीतलं पाणी अजून रिकामंच होतं. पोर सुखरूप आहे हे तिघांनाही माहीत होतं, तरी तिघंही पडद्याकडंच बघत राहिली. मग फेसातून डोकं वर आलं. एकच. मैत्रीनं श्वास घेतला, केस मागे सारले, आणि पुढच्या लाटेनं तिला काठाकडे लोटलं. भागीरथा तिच्या मागचं पाणी बघत राहिली. टीव्हीवर दुसरी मुलगी आली, तेव्हाच तिनं नजर काढली.

पाठीमागे आता कुणी नव्हतं. सारही पडवीकडेच बघत होते, हे तिनं पाहिलं. या वेळी त्यांनी नजर चुकवली नाही.

तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला, उठली आणि भर घरात, नदीकाठावरून मारावी तशी हाक मारली.

"मैत्री!"

"ओ, आई," पोरीनं ओ दिली.