घाल म्हटलं की घालायचा

आईबाप लागोपाठ गेले तेव्हा बारक्या सहा वर्षांचा होता आणि त्याचा दादा वीसचा. दादानं त्याला वाढवलं, आणि वाढवता वाढवता जे हाताशी सापडलं त्यानं झोडपलं. चप्पल, फॅनबेल्ट, फुटका मडगार्ड, काही म्हणून वर्ज्य नव्हतं. दादा आईवेगळ्या पोराच्या ताटात भात वाढायचा त्याच हातानं कानाखाली वाढायचा, आणि दोन्हीत हात आखडता घ्यायचा नाही. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा सोहळा बघून रडल्या होत्या. नंतर त्याही सरावल्या. माणूस कशालाही सरावतो, त्याला काय!

दोघा भावांचं ट्रकच्या पाट्यांचं गॅरेज होतं. ट्रकच्या चाकांवर पोलादाच्या जाड पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, ते पाटे. ओझ्यानं ते बसतात, मोडतात. मग भट्टीत लाल करायचे आणि ऐरणीवर ठोकून पुन्हा बाक द्यायचा. दादा लांब दांड्याच्या सांडशीनं पाटा धरायचा आणि ओरडायचा, "घाल!" की बारक्यानं घण घालायचा. दादाचा हात घावापासून चार बोटांवर असायचा. वीस वर्षांत एकदाही घण चुकला नाही. बारक्या तेव्हा विचार करायचाच नाही. शब्द कानात शिरला की हात आपोआप खाली यायचा.

एकदा एका ड्रायव्हरनं भर गॅरेजात दादाला आईवरून शिवी घातली. बारक्या पाना घेऊन धावला, पण दादानंच त्याला मागे ओढलं आणि ड्रायव्हर गेल्यावर वर त्यालाच दोन ठेवून दिल्या.

"परक्यावर हात टाकायचा नाही," दादा म्हणाला. "मार घरच्यांसाठी असतो. परक्याशी आपलं काय नातं?"

बत्तिसाव्या वर्षी बारक्याला कॅनडाचं वेड लागलं. तिथल्या एका प्रांताला अवजड गाड्यांचे कारागीर हवे होते, तेही मोठ्या शहरात नव्हे, माणसांपेक्षा ट्रक जास्त अशा कुठल्या तरी आडगावांत. तो प्रांत स्वतःहून कारागिरांची नावं पुढे करत होता, आणि एकदा प्रांतानं नाव घेतलं की कायमचं राहायची वाट मोकळी होत होती. बारक्यानं दादाला न सांगता परीक्षा दिली, इंग्रजी घोटलं, अर्ज टाकला. आणि प्रांताकडून उत्तर आलं: तीस दिवसांत सगळे कागद पाठवा.

फॉर्म भरून देणाऱ्या कागदवाल्या साहेबांनी यादी वाचली. "पोलिसांचा दाखला लागेल, तुमच्या नावावर कसलाही गुन्हा नाही म्हणून. आणि मालकाचं अनुभवपत्र. तीन पानं, प्रत्येक पानावर मालकाची सही. सही गॅरेजच्या लायसनवरच्या सहीशी जुळली पाहिजे बरं का. मागच्या महिन्यात एकाचा अर्ज तेवढ्यावरून गेला. मालक कोण तुमचे?"

"भाऊ आहे," बारक्या म्हणाला.

"मग काय, घरचंच काम!" साहेब हसले.

घरचं काम म्हणूनच अवघड होतं. बारक्यानं ते अनुभवपत्र छापून आणलं आणि अठरा दिवस मोटारसायकलच्या सीटखाली लपवून ठेवलं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी, भट्टी पेटलेली असताना, ते दादासमोर धरलं. दादानं घाम पुसत वाचलं.

"मुख्य कारागीर," तो म्हणाला. "गॅरेजचं सगळं अवघड काम स्वतंत्रपणे करतो. बरं. मग मी कोण? झाडूवाला?"

"लिहायची पद्धत असते दादा ती."

"आणि हे कधीपासून चाललंय? वहिनीला माहीत होतं? माहीत होतं! म्हणजे घरात मीच तेवढा गाढव." दादानं तिन्ही पानं फाडली आणि भट्टीत टाकली. मग नेहमीप्रमाणे बारक्याच्या थोबाडीत दिली.

नेहमीप्रमाणे बारक्यानं मान खाली घालायला हवी होती. त्यानं उलट ठेवून दिली.

मग जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे पुराला ओल आली म्हणण्यासारखं आहे. दादानं त्याचे केस धरून डोकं पत्र्याच्या भिंतीवर आपटलं, दोनदा. बारक्यानं गुडघा पोटात घातला. दादा पाट्यांच्या ढिगावर पडला, उठला, आणि त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर एक दात बाहेर आला. बारक्याची भुवई फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं, दिसत नव्हतं, तरी तो हाणत होता. सव्वीस वर्षांचं सगळं त्या मुठींत आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. शेवटी दोघांचाही दम संपला. बारक्याच्या हाताला घण लागला, त्यानं तो उचलला. दादा ऐरणीपाशी वाकून उभा होता. त्यानं घण पाहिला आणि आपला उजवा हात ऐरणीवर सपाट ठेवला.

"हा हात धड आहे तोवर त्या कागदावर सही होणार नाही," तो म्हणाला. "आहे हिंमत? घाल!"

घण खाली आला. रागानं आला की सवयीनं, ते बारक्याला त्या क्षणीही कळलं नाही आणि पुढे कधीही कळायचं नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो तिरपा आला. तो हाताच्या कडेवर बसला, म्हणून अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वाचली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांत काही उरलं नाही. दादा ओरडला नाही. खाली बसला आणि हाताकडे बघत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "हे कसं झालं? आणि यांच्या भुवईला काय लागलं? मारामारी असेल तर मला पोलिसांना कळवावं लागेल."

बारक्यानं दादाकडे पाहिलं. एक शब्द, आणि दाखला संपला, प्रांत संपला, सगळं संपलं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं.

"पाटा उडाला," दादा म्हणाला. "शिकंज्यातून सुटला. आमच्या धंद्यात होतं असं."

करंगळी काढावी लागली. बाकी हातावर दीड महिन्याचं प्लास्टर चढलं. प्रांताचे अकरा दिवस उरले होते.

त्या अकरा दिवसांत दादानं बारक्याला एकदाही मारलं नाही. शिवी नाही, टोमणा नाही. बारक्या त्याच्या तोंडात घास घालायला गेला तर म्हणाला, "नको, तिला सांगा." सांगा! जन्मात पहिल्यांदा दादा त्याला अहो-जाहो करत होता. बारक्याला ते सोसेना. त्यानं मुद्दाम दादाच्या पायाशी यू-बोल्टांची पेटी आपटली. एक गिऱ्हाईक परत घालवलं. एकदा तर दादाच्या आवडत्या सांडशीचा दांडा त्याच्यासमोर वाकवला. दादानं पाहिलं आणि नजर वळवली. एरवी एवढ्यात बारक्याची पाठ सोलून निघाली असती.

"वहिनी, त्याला म्हणावं मला मार," तो शेवटी म्हणाला.

वहिनी भांडी घासत होत्या. "कशानं मारतील?" त्या म्हणाल्या.

दहाव्या दिवशी सकाळी दादानं त्याला गॅरेजात बोलावलं. "पत्र पुन्हा छापून आणलंय?"

बारक्यानं ते आधीच आणलं होतं. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं.

"पत्रा कापायची कात्री घ्या. हे कापा."

"दादा, हाड अजून जुळलं नाही. डॉक्टर—"

"हात धड असेपर्यंत सही नाही म्हणालो होतो. आता धड नाही. कापा."

बारक्यानं कापलं. प्लास्टर जाड होतं, कात्री बोथट. दोनदा पातं कातडीला लागलं आणि रक्त आलं. आतून हात निघाला तो काळानिळा, सुजलेला, टाके दिसणारा. दादानं अंगठा आणि दोन बोटांत पेन धरलं. पहिल्या सहीला त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. दुसऱ्या सहीला एक टाका उसवला आणि रक्त मनगटावर आलं, ते कागदाला लागू नये म्हणून त्यानं कोपर उंच धरलं. तिसऱ्या सहीला तो किंचाळला, पण पेन हललं नाही. तिन्ही सह्या लायसनवरच्या सहीसारख्याच होत्या, शेवटच्या फराट्यासकट.

बारक्यानं कागद बाजूला ठेवले. त्यानं घण उचलला, दादाच्या डाव्या हातात दिला आणि आपला उजवा हात ऐरणीवर ठेवला. तो रडत होता. "घाल," तो म्हणाला. "दादा, तुला आईची शपथ आहे. घाल."

दादानं घण उचलला. क्षणभर बारक्याला वाटलं, घालणार. जन्मात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

दादानं घण भिंतीला टेकवून ठेवला.

"हात काढा तिथून. तिकडे कॅनडात कामाला लागेल तो तुम्हाला," तो म्हणाला. "आणि परक्यावर मी हात टाकत नाही."

प्रांताचं नामांकनाचं पत्र चौथ्या महिन्यात आलं आणि त्यानंतर वर्षभरानं तिकीट. निघायच्या दिवशी बारक्या बॅग घेऊन गॅरेजाच्या दारात उभा राहिला. भट्टी पेटलेली होती. दादानं डाव्या हातातल्या सांडशीनं लाल पाटा ऐरणीवर धरला होता, उजव्या हाताचा वाकडा पंजा नुसता वर टेकवला होता. त्यानं दाराकडे पाहिलं नाही.

"घाल!" दादा ओरडला.

बारक्याच्या हातातून बॅग गळून पडली आणि हात वर गेला. पण पदर खोचून वहिनी आधीच उभ्या होत्या, आणि घण त्यांनी घातला.