तीन किलो शिसं

मत्स्यालयातल्या सगळ्यात मोठ्या टाकीत रोज दोनदा उतरायचं, काचा आतून घासायच्या आणि माशांना हाताने भरवायचं, हे काम ती अकरा वर्षं करत होती. सगळे तिला पाणताई म्हणत. टाकी सहा मीटर खोल, पाणी खारं आणि कोमट. अंगात पाच मिलिमीटर जाडीचा, निओप्रीन नावाच्या रबरी कापडाचा सूट, कमरेच्या पट्ट्यात बुडण्यापुरतं सहा किलो शिसं. एवढ्यावर तिचं छान चाललं होतं.

मग नवे व्यवस्थापक आले. ते आधी एका बड्या हॉटेलात होते, त्यामुळे माशांविषयी त्यांना जे काही ठाऊक होतं ते ताटातलं होतं. आल्या आल्या त्यांनी मोठ्या टाकीतले रंगीत मासे शेजारच्या टाक्यांत हलवले, पाणी थेट चौदा अंशांवर आणलं आणि थंड समुद्रातून खास पाहुणे मागवले. त्यातला मुख्य पाहुणा पहिल्याच दिवशी एका खडकाखाली तोंड खुपसून बसला. लोक तिकीट काढून यायचे आणि त्याची शेपटी बघून जायचे.

पाणताई पहिल्या दिवशी बाहेर आली तेव्हा तिचे दात असे वाजत होते की पंपघरातल्या माणसाला वाटलं, मोटर बिघडली. घरी नणंदेने तिची बोटं चोळून दिली आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या फाटक्या सूटमधून एक बिनबाह्यांचं जाकीट आणि टोपी शिवून दिली. नणंद पिशव्या शिवायची. तिच्या मशीनला जाड कापडाचं वावडं नव्हतं.

"घ्या वहिनी," ती म्हणाली. "आता तुमचे साहेब बर्फ ओतू देत की आणखी काही."

जाकिटाने ऊब दिली, पण पाणताई बुडेना. पट्ट्यात तेच सहा किलो होते आणि ती पृष्ठभागावर बुचासारखी डुलत होती. कारण तिला तिथेच कळलं. ती कोठीत गेली आणि आणखी तीन किलो शिसं मागितलं. कोठीवाल्या काकांनी साहेबांची सही मागितली.

साहेबांनी सही केली नाही. त्यांनी तिला समोर बसवलं.

"बाई, अंगावर कपडे वाढले की माणूस जड होतो की हलका?"

"जमिनीवर जड, साहेब. पाण्यात हलका."

"म्हणजे जमिनीवर एक विज्ञान आणि पाण्यात दुसरं?"

"या कापडात बारीक बारीक बुडबुडे असतात, साहेब. थर वाढला की बुडबुडे वाढतात, ते माणसाला वर ढकलतात. तेवढं शिसं वाढवावं लागतं."

"वर ढकलतात," साहेबांनी मान डोलावली. समजुतीने नव्हे, कीव करून. "आपण तज्ज्ञाला विचारू."

तज्ज्ञ म्हणजे साहेबांचे मेव्हणे. ते एकदा सुट्टीत समुद्रात उतरले होते, आणि त्याचा फोटो त्यांच्या फोनवर, गाडीत आणि दिवाणखान्यात होता. सोमवारी त्यांची सल्लागार म्हणून नेमणूक झाली आणि मंगळवारी ते प्रात्यक्षिकाला हजर झाले.

"शिसं हा मनाचा खेळ आहे," ते सूटची चेन ओढता ओढता म्हणाले. चेन पोटापाशी अडली. दोघांनी मिळून ती वर नेली. वरून जाकीट, त्यावर टोपी. पाणताई म्हणाली, "दादा, सहा किलोत तुम्ही जाणार नाही. आधी इथे उथळात बघून घ्या." दादांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ते उतरले. म्हणजे पाण्यावर पडले आणि तिथेच राहिले. त्यांनी हात मारले, पाय मारले, शेवटी डोकं खाली घालून जोर केला. डोकं गेलं. बाकीचे गेले नाहीत. काचेच्या पलीकडे एक शाळेची सहल उभी होती. पाण्याच्या वरच्या कडेला दोन पाय हवेत झटकत असलेलं काळं, गोल काहीतरी सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं.

"बाई, तो मासा मेलाय का?" एका मुलीने विचारलं.

शिक्षिकाबाईंनी शेजारच्या कर्मचाऱ्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "ते सल्लागार आहेत."

पाणताईने त्यांना खांद्याला धरून शिडीपाशी आणलं. ती हसली नाही. हसणं तिने घरी जाईपर्यंत राखून ठेवलं. दम परत आल्यावर सल्लागारांनी निदान सांगितलं, "पाण्यात दोष आहे. मीठ जास्त झालंय."

साहेबांनी मीठ तपासण्याचा आदेश दिला. पाणताईने पट्टा खुंटीला अडकवला आणि ती म्हणाली, "शिसं मिळालं की मी उतरते." त्या दिवसापासून ती रोज वेळेवर यायची, काठावर स्टूल टाकून बसायची आणि माशांना वरूनच दांडीने भरवायची. साहेबांनी शिस्तीची भाषा केली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही मेव्हण्यांना सांगा ना काचा घासायला."

मीठ ठीक निघालं. चौथ्या दिवशी काचेवर तपकिरी शेवाळाचा असा थर चढला की आत मासे आहेत की जुनी कपाटं, कळेना. लोक पैसे परत मागू लागले. पाचव्या दिवशी शिसं आलं, 'सल्लागारांच्या शिफारशीनुसार' अशा चिठ्ठीसह.

पाणताईने आधी श्वासाच्या हवेचा जवळजवळ रिकामा सिलिंडर पाठीवर घेतला, कारण हवा संपत येते तसा तो हलका होतो आणि शेवटीच माणूस वर येऊ लागतो. उथळात नेहमीचा श्वास धरून ती उभी तरंगली. आठ किलोला पाणी हनुवटीपाशी. नऊला डोळ्यांपाशी. श्वास सोडला तशी ती सावकाश खाली गेली. मग भरलेला सिलिंडर लावून ती तळाशी उतरली. त्या गार पाण्यात पहिल्यांदाच तिला काम करताना थंडी वाजली नाही, आणि तिने सगळी काच एका दमात घासून काढली.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. सर्व टाक्यांत, सर्व पाणबुड्यांनी, नऊ किलो. अपवाद नाही. खाली सल्लागारांची सही.

शेजारच्या कोमट टाकीत पातळ सूट घालून तीन किलोत काम करणारा तिचा सहकारी लंबू कागद घेऊन आला. "ताई, नऊ किलो घातले तर मी तळाला रुतेन."

"मग घालू नकोस."

"पण सही मागतायत."

तिने पेन घेतलं. कागदावर दोन रकाने होते, 'वाचले' आणि 'मान्य'. तिने पहिल्या रकान्यात सही केली, लंबूलाही तिथेच करायला लावली, आणि कागद कोठीवाल्या काकांकडे परत पाठवला. दुसरा रकाना कोरा आहे, हे आजवर वर कोणाच्याही लक्षात आलेलं नाही.