असलं तर बरं

मित्रांनो, मी एक जुनं शिवणयंत्र आहे, हाताने चाक फिरवायचं. खांद्यावरचा काळा रंग उडालाय, पण टाका अजून सरळ पडतो. लग्नानंतर नव्या घरी येताना मालकिणीने मला मांडीवर बसवून आणलं. वाटेत मी जरा हलले की तिचा हात घट्ट व्हायचा.

पडदे, अभ्रे, शेजारणींचे झगे, सगळं आम्ही दोघींनी शिवलं. पुढे मालकिणीला लेक झाली, छकुली. तिच्या झबल्यांवर तर मी जपून जपून पावलं टाकली. मग तयार कपडे स्वस्त झाले आणि माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग बसला. काम नसलं की मला चैन पडत नाही. आतल्या आत नुसती चुळबुळ.

एका दुपारी छकुलीला झोपवून मालकीण माझ्यापाशी जाहिरात वाचत बसली. कारखान्यात नमुन्याचे कपडे शिवायला बाई हवी होती. शिवणकाम येणं 'इसेन्शियल'. विजेच्या मशीनचा अनुभव 'डिझायरेबल'. संध्याकाळच्या आत जाऊन भेटायचं होतं. पहिला शब्द तिला ठाऊक होता, म्हणजे पाहिजेच. दुसऱ्यासाठी तिने शब्दकोश उघडला. 'इष्ट, हवासा.'

"म्हणजे त्यांना हवाय," ती पुटपुटली, "आणि माझ्याकडे तोच नाही. संपलं."

जाहिरात ढिगात गेली. ऊन भिंतीवरून खाली सरकू लागलं आणि माझा जीव वरखाली होऊ लागला. अगं, ऊठ! पण मला तोंड कुठे आहे? सुई तेवढी आहे, तीही कुणी चाक फिरवलं तर हलणारी.

तेवढ्यात नणंदबाई आल्या. कपड्यांच्या घड्या घालताना जाहिरात त्यांच्या हाती लागली.

"वहिनी, आणि तू अजून इथेच?"

"विजेचं मशीन कधी चालवलंय मी?"

"अगं, डिझायरेबल म्हणजे असलं तर बरं! नसलं म्हणून कुणी दारातून हाकलत नाही. झग्याला शिवण पाहिजेच. आणि लेस?"

"असली तर छान."

"नसली तर झगा अंगातून गळून पडतो का?"

मालकीण हसली. मग पाळण्याकडे पाहून थबकली. "पण छकुली..."

"मी काय माश्या मारायला आलेय? पळ!"

ती पळाली. पिशवीत नमुना म्हणून आमचं झबलं होतं. पाळणा हलत राहिला, मी दाराकडे कान लावून बसले. दिवेलागणीला ती आली, चप्पल काढायच्या आधी तिने माझ्या चाकावर हात ठेवला. "घेतलं मला! विजेचं मशीन तिथेच शिकवणार आहेत."

आता या घराचं माझ्यावाचून काही अडत नाही. तरी सुट्टीच्या दिवशी ती माझं झाकण काढते, तेल घालते, सुई काढून ठेवते आणि छकुलीला चाक फिरवू देते. गरज नसताना कुणी आपल्याला जवळ घ्यावं, यासारखं सुख नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, 'डिझायरेबल' हा शब्द दिसला तर दारातून परत फिरू नका. आणि घराच्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्यालाही अधूनमधून तेलाचा थेंब द्या. त्याच्यावाचून अडत नसेलही. पण ते असलं तर बरं.