श्रद्धा साहिलगा

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडमागच्या लग्नाच्या हॉलाबाहेर चपलांचा असा ढीग पडला होता की, येणाऱ्याला वाटावं, आत एखाद्या पुढाऱ्याच्या घरचं लग्न आहे. आत मात्र ना नवरा होता ना नवरी. स्टेजवर त्यांच्या खुर्च्यांच्या जागी एक कॉम्प्युटर मांडला होता. पडद्याला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. माउसवर दूर्वांची जुडी वाहिलेली, कारण कितीही झालं तरी ते गणपतीचं वाहन! आणि शेजारी भगव्या कफनीत, डोळे अर्धे मिटून, यंत्रनाथ महाराज.

"बंधूंनो, पूर्वी देव कौल लावून बोलायचा," महाराज माइकमध्ये गरजले. "आता देवाला टाइम नाय! तेहतीस कोटी डिपार्टमेंट! म्हणून देव डायरेक्ट फाइल पाठवतो. मधे टॉवर नाय, मधे वायर नाय!"

हे बोलताना महाराजांच्या पायाखालून मनगटाएवढा वायरींचा जुडगा मागच्या पडद्याआड गेलेला होता. तो अनुपमाला दिसला. तिला सगळंच दिसायचं. दीड वर्षाचा साहिल कडेवर आल्यापासून जमिनीवर पडलेलं बटण, उघडा प्लग, भुईमुगाचा दाणा, काही म्हणजे काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

ती स्वतःहून आली नव्हती. सासूबाईंनी, प्रयागबाईंनी, कापड्याहून पहिल्या गाडीत घालून आणली होती. साहिल अंग धरत नव्हता. महाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून छातीत दोष असल्याचं सांगितलं होतं आणि सहा महिन्यांचं औषध लिहून दिलं होतं. "एकही दिवस चुकवू नका," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. औषध घेऊन जेमतेम महिना झाला होता, आणि पोराच्या बरगड्या अजून मोजता येत होत्या. नवरा राजू एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. त्याचं म्हणणं, "आई म्हणतेय तर जाऊन ये. आपलं काय जातंय?"

स्टेजच्या पायरीशी सोवळं नेसलेला एक शिष्य प्रत्येकाच्या हातावर पाणी सोडत होता. त्याचा आवाज असा, की पार हायवेपर्यंत जावा.

"संकल्प! बाळाचं नाव?"

"साहिल," प्रयागबाई म्हणाल्या.

"साऽहिऽल! गाव?"

"कापडे."

"काऽपडे! कुलदैवत?"

"काळकाई, बाबा."

"काऽळकाई! चला पुढं, महाराजांसमोर अवाक्षर बोलायचं नाही. देव आपोआप ओळखतो!"

महाराजांनी खरोखरच काही विचारलं नाही. कळफलकाला बोट लावलं नाही. डोळे मिटले, "ओम् फट्" म्हणाले, आणि स्टेजवरच्या प्रिंटरातून कर्रर्र करत एक कागद बाहेर आला. शिष्याने तो माइकवर वाचला.

"कापडे गावचे साहिल हे काळकाईच्या कृपेतील आहे..."

हॉलभर "आऽऽ" झालं. प्रयागबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "नाव सांगितलं नाय, गाव सांगितलं नाय, आन् बघ गो अनुपमा, देवानं कसं वळखलं!"

"आई, आत्ताच पायरीपाशी..."

"गप गो! मधे बोलू नये."

कागद हातात आला. अनुपमाने तो नीट वाचला. साहिल रात्री रडते. साहिल नीट जेवत नाही. साहिलाच्या अंगावर सावली आहे. साहिलंतपणात पथ्य पाळायचे राहून गेले, त्याचा हा दोष. डॉक्टरी औषध आजपासून बंद करावे. भस्म चाटवावे. मनात श्रद्धा साहिलगा. अमावास्येपर्यंत साहिल साहिलसे धरेल. मोठे झाल्यावर साहिल इंजिनीअर होईल.

"महाराज," न राहवून तिने विचारलं, "साहिलगा म्हणजे काय?"

महाराज क्षणभर चरकले. पण धंदा मुरलेला होता. "देवभाषा आहे ती, ताई! बीजमंत्र! जप करा: साहिलगा, साहिलगा!"

"आणि साहिलंतपण?"

"ते त्याहून गुप्त! पुढचे!"

घरी आल्यावर प्रयागबाईंनी पहिलं काम काय केलं, तर औषधाची बाटली उचलून भाताच्या कणगीत खुपसली आणि झाकणावर स्वतः बसल्या. हातात माळ, तोंडात जप, "साहिलगा, साहिलगा." ज्याचं नाव चाललं होतं तो रांगत येऊन त्यांची माळ चघळू लागला.

"आई, औषध द्या. उद्या सकाळचा डोस चुकता कामा नये."

"देवानं लिवून दिलंय, बंद म्हंजे बंद! तुझा डागदर मोठा का काळकाई मोठी?"

अनुपमा बी.कॉम. झालेली असली तरी ती आईच होती. पोराला ठसका लागला की तिच्याही मनात नको ते येई. आजही आलं. बाळंतपणात आपल्याकडून खरंच काही राहिलं असेल तर? चोरून खाल्लेली ती आंबट कैरी... आणि त्या विचारापाशीच ती थबकली. बाळंतपणात?

तेवढ्यात शेजारची बायजा आपल्या नातवाचा कागद नाचवत आली. "वाच गो पोरी, माज्या सूरजचं काय हाय ते!"

अनुपमा वाचू लागली. सूरज रात्री रडते. सूरज नीट जेवत नाही. सूरजंतपणात पथ्य पाळायचे राहून गेले. मनात श्रद्धा सूरजगा. सूरज सूरजसे...

आणि ती अशी हसत सुटली की साहिल दचकला आणि मग तोही हसू लागला.

"येड लागलं का काय हिला?" बायजा म्हणाली.

"आई, मी म्हणते तसं करा. कागदातला 'साहिल' काढा आणि तिथं 'बाळ' घाला. साहिलगाचं काय होतं?"

"बाळगा," प्रयागबाई नाइलाजाने म्हणाल्या.

"श्रद्धा बाळगा! आणि साहिलंतपण?"

"बाळंतपण..."

"आणि साहिल साहिलसे धरेल?"

"बाळ बाळसे..." कणगीवरचा जप थांबला.

"म्हणून तर 'साहिल रडते', 'मोठे झाल्यावर साहिल'. बाळ रडतं, बाळ मोठं होतं! लग्नाआधी मी एमआयडीसीतल्या ऑफिसात हेच करायची, आई. पत्र एकच, गिऱ्हाइकं पन्नास. कॉम्प्युटरला सांगायचं, हा शब्द जिथे जिथे दिसेल तिथे तो घाल. तो घालतो. पण त्याला 'बाळ' हा शब्द वेगळा आणि 'बाळंतपण' वेगळं, एवढी अक्कल नसते. बाळ दिसलं की बदललं!"

"म्हंजे देवाचं चुकलं म्हनतीस?"

"देवाचं कशाला? टायपिंगचं."

प्रयागबाईंना पटत होतं, पण आवडत नव्हतं. त्या हटून बसल्या. "देवाला समदं कळतं. उगा शब्दांचा खेळ नको."

"बरं. मग उद्या सकाळी संकल्पाला तुम्हीच नाव सांगा. कपिलीचं."

कपिली म्हणजे गोठ्यातली वर्षाची कालवड. प्रयागबाईंचा तिच्यावर साहिलइतकाच जीव.

"देवानं ओळखलं की कपिली जनावर आहे, तर मी औषधाचं नाव काढणार नाही," अनुपमा म्हणाली. "आणि देव 'श्रद्धा कपिलीगा' म्हणाला, तर बाटली तुम्ही स्वतः काढून द्यायची. घरी आल्या आल्या."

"देव वळखंल," प्रयागबाई ठासून म्हणाल्या. "वळखंल म्हंजे वळखंलच."

दुसऱ्या दिवशी बायजाही बरोबर आली, आणि अनुपमा साहिलला घेऊन रांगेत थोडी मागे राहिली. पायरीशी सोवळेवाल्याने पाणी सोडलं. "बाळाचं नाव?"

"कपिली."

"कऽपिऽली! बाळ कुठाय?"

"घरी हाय. चरतं..." बायजाने चिमटा काढला. "चरचरतंय अंग, म्हनून आनलं नाय."

महाराजांनी डोळे मिटले. ओम् फट् झालं. प्रिंटर कर्रर्र बोलला. शिष्याने कागद घेतला, पण प्रयागबाईंनी तो त्याच्या हातातून ओढला आणि सुनेकडे दिला. "ही वाचंल. मोठ्यानं वाच, अनुपमा."

माइक आयताच समोर होता.

"कापडे गावचे कपिली हे काळकाईच्या कृपेतील आहे. कपिली रात्री रडते. इथं 'कपिली'पुढे एक काना उगाच चिकटलाय, तो सोडून वाचते. कपिलीच्या अंगावर सावली आहे. डॉक्टरी औषध बंद करावे. मनात श्रद्धा कपिलीगा. अमावास्येपर्यंत कपिली कपिलीसे धरेल. मोठे झाल्यावर कपिली इंजिनीअर होईल."

प्रयागबाई स्टेजच्या पायरीवर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"महाराज, माजी कपिली इंजिनीअर व्हनार?"

"देवाने लिहिलंय, आजी! फॉरेनला जाईल!"

"जाईल बापडी. पर तिला शिंगं फुटायला लागल्यात, विमानात घेत्याल न्हवं?"

आधी बायजा हसली. मग पुढची रांग, मग मागची. कुणीतरी ओरडलं, "अरे, कालवड हाय ती! मी वळखतो ना कपिलीला!" महाराज "शांतता, शांतता" म्हणत होते, पण त्यांचा माइक अनुपमापाशी होता. तिने साहिलला बायजाकडे दिलं, सरळ स्टेजवर गेली आणि मागचा पडदा बाजूला सारला.

आड दुसरा कॉम्प्युटर होता. त्याला ना हार ना नारळ. त्याच्यापुढे एक घामाघूम चष्मेवाला, हातात अर्धा वडापाव.

"दादा, जरा उठता का?" अनुपमा म्हणाली. तिची बोटं कळफलक विसरली नव्हती. "बघा मंडळी. एकच मजकूर आधी टाइप करून ठेवलाय. त्यात नावाच्या जागी 'बाळ' हा शब्द, आणि गाव, दैवत यांच्या मोकळ्या जागा. हे बटण दाबलं की एक छोटा प्रोग्राम चालतो. तो तीन गोष्टी विचारतो. तुम्ही त्या मघाशी पायरीवर सांगितल्यात, शिष्याने ओरडून परत म्हटल्या, ह्या दादांनी इथं ऐकल्या. प्रोग्राम सगळ्या कागदभर शब्द बदलतो आणि छापतो. यात चमत्कार नाही, ऑफिसातलं रोजचं काम आहे. आता मी नाव घालते..." तिने काहीतरी टाइप केलं. "आणि बटण दाबते."

स्टेजवरचा प्रिंटर पुन्हा कर्रर्र झाला. कागद बायजाच्या नातलगाने, पोलादपूरच्या शाळेतल्या महिपती गुरुजींनी उचलला आणि खणखणीत आवाजात वाचला.

"यंत्रनाथ रात्री रडते. यंत्रनाथ नीट जेवत नाही. यंत्रनाथंतपणात पथ्य पाळायचे राहून गेले..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. हसता हसता एका म्हातारबाबांची कवळी निसटली. ती शोधून होईपर्यंत महाराज, शिष्य आणि चष्मेवाला मागच्या दाराने जीपमध्ये बसून आंबेनळी घाटाच्या वाटेला लागले होते. हार घातलेला कॉम्प्युटर मात्र मागे राहिला. उघडून पाहिला तर आत नुसता पुठ्ठा.

लोक पांगताना गुरुजींनी सगळ्यांना थांबवलं आणि अनुपमाला म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला."

तिला भाषण येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "यंत्र खोटं बोललं नाही. त्याला सांगितलं तेवढंच त्याने केलं. खोटं माणूस बोलला. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर आधी आठवून बघा, तुम्ही ते कुणाला सांगितलंत. आणि कुणी औषध बंद करा म्हणालं, तर त्याला विचारा, कशावरून? विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो महाराज."

घरी आल्या आल्या प्रयागबाईंनी कणगीत कोपरापर्यंत हात घातला, बाटली काढली, पदराने पुसली आणि चमचा स्वतः भरला. "आ कर रे माझ्या इंजिनीअरा. सकाळचं हाय, थोडा उशीर झालाय."

साहिलने निम्मं गिळलं, निम्मं आजीच्या लुगड्यावर काढलं. अनुपमाने निम्मा चमचा पुन्हा भरला.

औषध संपेपर्यंत पोराच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या आणि मांड्यांना वळ्या पडल्या. आता कुणी दारात येऊन "पोर बरं दिसतंय हो" म्हणालं, की प्रयागबाई मुद्दाम सुनेकडे बघतात आणि मोठ्याने सांगतात, "व्हय तर! महाडच्या डागदरचं औशद, आन् माज्या सुनंची नजर. चांगलं साहिलसं धरलंय त्यानं!"