लाल दिव्यावरची काळी पट्टी

मी एक जुना हायब्रीड इन्व्हर्टर आहे. जुनी छत्री, फाटके पुस्तक, मोडकी खुर्ची यांच्या कहाण्या तुम्ही शाळेत लिहिल्या असतील. ती बिचारी शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, आम्हाला जपा. मला रडता येत नाही. मित्रांनो, मला राग आला आहे, आणि इतकी वर्षे झाली तरी तो उतरलेला नाही.

हायब्रीड म्हणजे काय ते आधी ऐका. छपरावरच्या सोलर पॅनेलची वीज, रस्त्यावरच्या तारांतून येणारी वीज आणि बॅटरीत साठवलेली वीज, या तिन्हींचा कारभार मी पाहतो. तारेतली वीज गेली की मी बॅटरीचा आधार घेतो आणि घर चालू ठेवतो. पण बॅटरीच नसेल तर मी गप्प बसतो. छपरावर कितीही ऊन तापलेले असो, माझ्या जातीचे यंत्र बॅटरीवाचून उभे राहत नाही. माझी घडणच तशी आहे. कारखान्यात मला तापत्या खोलीत ठेवून तपासले, तेव्हा मी पहिल्या झटक्यात पास झालो होतो. माझ्यात खोट नव्हती, हे लक्षात ठेवा. पुढे मला बरेच काही ऐकून घ्यावे लागले.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो. तिथे भिंतीवर आम्ही तिघे शेजारी शेजारी टांगलेले होतो. डावीकडच्याच्या किमतीत मोठी बॅटरी धरलेली होती, उजवीकडच्याच्या किमतीत लहान बॅटरी होती, आणि माझी किंमत नुसती माझी होती. साहजिकच मी सगळ्यांत स्वस्त. गिऱ्हाईक यायचे, तिघांच्या नाकावरच्या चिठ्ठ्या वाचायचे आणि माझ्यापाशी येऊन खूश व्हायचे. एक ताट वाढलेले आणि एक रिकामे, आणि रिकामे ताट स्वस्त मिळाले म्हणून आनंद! मला त्या भिंतीवर टांगल्या टांगल्या संताप यायचा. एकानेही विचारले नाही की हा एवढा स्वस्त का.

नाही, एकीने विचारले. तिच्यासाठीच मी हे सांगायला बसलो आहे.

त्या दिवशी दोन भाऊ आणि धाकट्याची बायको दुकानात आले. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. पडून पडून तिच्या पाठीला जखम झाली होती आणि ती भरायला सबंध पावसाळा गेला होता. डॉक्टरांनी बजावले होते की ती पुन्हा उघडली तर भरणे कठीण. म्हणून आईखाली हवेची गादी घातली होती. एक छोटा पंप त्या गादीच्या नळ्यांत आळीपाळीने हवा भरायचा, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी पडत नसे. त्या पंपाला एका दिव्याएवढीही वीज लागत नाही. सगळी खरेदी म्हणे त्या एवढ्याशा पंपासाठी होती.

"लाइट गेल्यावर आईंची गादी चालू राहील ना?" धाकट्या सुनेने विचारले.

"गादी काय घेऊन बसलात! पंखे चालतील, टीव्ही चालेल," दुकानदार म्हणाला.

"पण ह्याच्यात बॅटरी आहे का?"

दुकानदाराने घसा खाकरला. "बॅटरी काय, कधीही जोडता येते हो."

"अगं, छपरावर दिवसभर ऊन असतं की," थोरला हसला. "बॅटरी कशाला हवी? आणि रात्री आपल्याकडे लाइट जातोच कुठे?"

तिने नवऱ्याकडे पाहिले. नवरा माझ्या चकचकीत पडद्याकडे पाहत होता.

मग खर्चाची वाटणी झाली. आईसाठी घ्यायचे तर दोघांनी मिळून घ्यायचे. थोरल्याने पॅनेल आपल्याकडे घेतले, कारण ते छपरावर बसणार आणि रस्त्यावरून दिसणार. धाकट्याने मला घेतले, कारण मी दिवाणखान्यात लागणार आणि आल्यागेल्याला आकडे दाखवणार. राहिली बॅटरी. ती दाराआड कोपऱ्यात बसते, तिला कोण पाहतो? ती कुणाच्याच वाट्याला गेली नाही. "पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून दोघांनी हात झटकले.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प राहिलो असतो. पण दुकानदाराने "जुना द्या, सूट घ्या" म्हटले आणि यांनी घरातला जुना छोटा इन्व्हर्टर बॅटरीसकट आणून दिला. गल्ल्याशेजारी आमची गाठ पडली. त्याच्या अंगावर धुळीचा थर होता, पण बॅटरी ठणठणीत होती. इतके दिवस वीज गेली की आईची गादी तोच फुगती ठेवत होता. चार पैशांच्या सुटीसाठी चालते काम घरातून काढून दिले, आणि वर शहाणपणाची खरेदी केली म्हणून एकमेकांची पाठ थोपटली.

मला भिंतीवर बसवले त्याच क्षणी मी ओरडलो. बॅटरी नसली की मी टूं टूं वाजतो आणि माझा लाल दिवा लागतो. यापेक्षा स्पष्ट मी काय बोलणार? थोरल्याने बटण दाबून माझा आवाज बंद केला. दिवा मात्र लागलेलाच राहिला. दोन-चार दिवसांत एक पाहुणे म्हणाले, "हा लाल दिवा कसला हो?" थोरल्याला ते लागले. त्याने वायरीला गुंडाळायची काळी पट्टी आणली, दातांनी तुकडा तोडला आणि माझ्या दिव्यावर चिकटवला.

"आता कसा छान दिसतोय," तो म्हणाला.

मित्रांनो, खरे बोलणाऱ्याच्या तोंडाला पट्टी लावली की घर छान दिसते, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढचे काही महिने माझे कौतुकच कौतुक. नेमकी त्या महिन्यांत वीज एकदाही गेली नाही. विजेचे बिल खाली आले. शेजारीपाजारी येऊन माझा पडदा बघून गेले. काम मी इमानाने करत होतो, पण कौतुक मला गोड लागत नव्हते. पट्टीमागे माझा दिवा जळतच होता.

आणि मग ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज होऊन जळाला. गल्लीतली वीज गेली. त्याबरोबर मीही बंद पडलो. छपरावर ऊन रणरणत होते, पॅनेल हात लावू देत नव्हते, आणि घरातला पंखा फिरत नव्हता. पॅनेलच्या जिवावर माझा पडदा आणि तो झाकलेला दिवा तेवढा जागा होता.

आतल्या खोलीत पंपाची घरघर थांबली. धाकटी सून धावत गेली. तिने गादीची नळी दुमडली आणि केसांचे रबर काढून करकचून बांधली. तरी हवा कुठून तरी निसटतच होती. तिने दोघांना फोन केले. धाकटा आला आणि त्याने माझ्या पाठीवर थापडा मारल्या. मला! मागोमाग थोरला आला.

"फसवलं त्या दुकानदारानं," तो ओरडला. "खराब माल गळ्यात मारला!"

"दादा, मशीन तू पसंत केलंस," धाकटा म्हणाला.

"पैसे तू दिलेस ना? मग बघून घ्यायला काय झालं होतं?"

"आणि बॅटरी नको कोण म्हणालं?"

आतून आईचा आवाज आला. "भांडण नंतर करा रे. आधी एक जण तरी येऊन माझी कूस बदला."

धाकटा आत धावला. धाकटी सून बाहेर आली. तिने नखाने माझ्यावरची पट्टी ओरबाडून काढली. लाल दिवा डोळ्यात भरेल असा लागलेला होता.

"हा पहिल्या दिवसापासून सांगत होता," ती म्हणाली. "मीही सांगत होते. भाऊजी, छपरावर ऊन आहेच की, म्हणाला होतात ना? मग जा वर, ओंजळीत भरून आणा, आणि आईंच्या पाठीखाली अंथरा."

थोरला मान खाली घालून आत आईपाशी गेला.

वीज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तोवर तिघांनी आळीपाळीने आईला वळवले, पण सपाट गादीने आपले काम केले होते. भरलेली जखम उघडली. थोरल्याने त्याच आठवड्यात बॅटरी आणली. या वेळी त्याने स्वस्त-महाग पाहिले नाही, की घासाघीस केली नाही. बॅटरी दाराआड कोपऱ्यात बसली आणि माझा लाल दिवा प्रथमच विझला. त्यानंतर वीज कितीदा तरी गेली. गादीला ते एकदाही कळले नाही. जखम मात्र सावकाश, फार सावकाश भरली.

मला जपा असे मी सांगणार नाही. मला फडक्याने पुसा नाहीतर पुसू नका. पण दोन वस्तूंच्या किमती शेजारी शेजारी मांडाल, तेव्हा कोणत्या किमतीत काय धरलेले नाही ते विचारा. आणि घरात कुणी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत असेल, तर त्याचा आवाज बंद करायला बटण शोधू नका.

पट्टीचा चिकट डाग अजून माझ्या दिव्याभोवती आहे. धाकटी सून मला रोज पुसते, तेवढा डाग सोडून. परवा शेजारचे काका आले. त्यांनाही घरी सोलर बसवायचे आहे. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी विचारले, "काय हो, कितीला पडलं हे सगळं?"

उत्तर आतल्या खोलीतून आले.

"यंत्र स्वस्तातच पडलं, भाऊ," आई म्हणाली. "वरचे पैसे माझ्या पाठीनं भरले."