कमळे, सांग तिला

पालघरजवळच्या माहीमच्या त्या अंगणात दोन घरं होती, एक विहीर होती, मधोमध एक शेवगा होता आणि नऊ वर्षांचा अबोला होता. थोरली जाऊ रखमाबाई आणि धाकटी येसूबाई एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या, आणि तरी दिवसभर बोलत होत्या. आता तुम्ही म्हणाल, हे कसं काय बुवा? तर शेवग्याला कमळी बांधलेली असायची. कमळी म्हणजे शेळी.

"कमळे, सांग तिला, पंप बंद कर. माझ्या केळीत तळं झालंय," रखमाबाई शेळीच्या तोंडाकडे बघून ठणकावायची.

चार हातांवर येसूबाई पानवेलीची पानं निवडत बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणायची, "कमळे, तिला सांग, पंप कवाच बंद केलाय. डोळे तपासून घे म्हनावं."

कमळी पाला चघळत दोघींकडे आळीपाळीनं बघायची आणि निरोप पोचायचा. या कारभाराचे नियमही होते बरं का! नाव घ्यायचं नाही, 'ती' म्हणायचं. उत्तर लगेच द्यायचं नाही. शेळीला निरोप आणायला जेवढा वेळ लागला असता, तेवढं थांबायचं. पहिली कमळी म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिच्या पाटीला, म्हणजे लेकीला, तेच नाव मिळालं आणि तीच नोकरी. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, त्याच्या कितीतरी आधी मागेपुढे गेलेले. तेव्हा मधे पडायला वडीलधारं कुणी नव्हतंच.

अबोल्याचं कारण रखमाबाईला लख्ख आठवत होतं. विहिरीवर पाचसहा बायांसमोर येसू म्हणाली होती, "थोरलीचं लोणचं म्हैनाभर टिकत नाय." लोणचं! रखमाबाईच्या माहेरी तीन पिढ्या लोणच्यावरून ओळखल्या जायच्या. त्या दिवसापासून तिनं जावेशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे शेळीमार्फत सुरू केलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका बुधवारी येसूबाई शेळीसमोर उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "कमळे, तिला सांग, अनुजला बोईसरला कॉलनीत घर मिळालंय. रविवारी टेम्पो येनार. मी जाते त्याच्यासंगं."

अनुज येसूबाईचा मुलगा, तारापूरला वीज प्रकल्पात कामाला. रोज ये-जा करून पोरगा कंटाळला होता हे खरं, पण असं एकदम? रखमाबाई नियमाप्रमाणे थांबली. मग नियमापेक्षा जास्त थांबली. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"सांग तिला, बरं झालं."

बोलली आणि तिनं जीभ चावली. काय ही मेली जीभ! मनात होतं 'नको जाऊस'. मनात होतं, 'तू गेल्यावर मी या अंगणात कुणाच्या नावानं ओरडू?' आणि बाहेर काय आलं तर बरं झालं! येसूबाईनं पानांची टोपली उचलली आणि ती घरात गेली. रखमाबाईनं मनाशी ठरवलं, उद्या सकाळी उठल्या उठल्या कमळीला दुसरा निरोप द्यायचा. एकदा दिलेला शब्द दुसऱ्या शब्दानं झाकता येतो, त्यात काय मोठंसं!

सकाळी उठून बघते तर शेवग्याखाली नुसतं दावं.

कॉलनीत शेळी चालत नाही, म्हणून येसूबाईनं कमळीला पहाटेच दातिवऱ्याला भावाकडे पाठवून दिलं होतं. रखमाबाईला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी? जिच्यामार्फत सांगायचं, तीच तर गेली होती.

त्या गुरुवारी अंगणात जी शांतता पसरली, ती रखमाबाईनं जन्मात ऐकली नव्हती. आजवरचा अबोला केवढा गजबजलेला होता, हे तिला तेव्हा कळलं. तिनं विहिरीच्या रहाटाशी बोलून बघितलं. "रहाटा, सांग तिला..." म्हटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. कोंबडीशी बोलायला गेली तर कोंबडी अर्ध्या वाक्यात पळाली. निरोप ऐकायला कुणीतरी एका जागी उभं राहायला लागतं, माना हलवायला लागतात. कोंबडीच्या अंगी ते नाही.

मग सरळ समोर जाऊन बोलायचं ना, असं तुम्हाला वाटेल. सांगायला सोपं आहे हो! नऊ वर्षांनी आपण आधी तोंड उघडायचं, आणि तिनं उत्तरच दिलं नाही तर? शेळीनं उत्तर आणलं नाही तर शेळीला बोल लावता येतो. समोरासमोर बोलून वर गप्प बसायला लागलं, तर माणसानं तोंड कुठे लपवायचं? रखमाबाईला खरंच भीती वाटत होती. पंचवीस वर्षं उन्हातान्हात वाडी राखलेली बाई, सापाला न घाबरणारी, ती दोन शब्दांना घाबरली होती.

शेवटी शुक्रवारी तिनं सुनेला मधे घातलं. सून अर्चना मूळची मिरजेकडची, वडील बोईसरच्या कारखान्यात म्हणून तिथेच वाढलेली. पोरगी गुणी होती. पालघरला एका कचेरीत चौकशीच्या खिडकीवर बसायची. साहेब आतून खेकसला, "हाकल त्याला," की अर्चना बाहेरच्या माणसाला म्हणायची, "काका, आपण सोमवारी येता का?" तिखट शब्द गोड करून बाहेर द्यायचा, हीच तिची नोकरी, आणि ती त्यात फार हुशार होती.

"अर्चना, जा, तिला विचार, तू गेल्यावर पहाटे पंप कोन चालू करनार गो?" रखमाबाई म्हणाली. यात 'नको जाऊस' किती उघड होतं! कमळीनं हे वाक्य जसंच्या तसं नेलं असतं. राग, रडू, कुरकुर सगळ्यासकट. शेळी एक अक्षर इकडचं तिकडं करत नाही.

अर्चना पलीकडे गेली आणि तिनं सवयीप्रमाणे वाक्य धुऊनपुसून काढलं. "काकी, तुमची गडबड आहे, कळतंय मला. जाण्याआधी तेवढी पंपाची किल्ली आईंकडे देऊन ठेवाल का?"

शनिवारी सकाळी रखमाबाईच्या दाराच्या खिळ्याला किल्ली लटकत होती.

रखमाबाईनं ती किल्ली हातात घेतली आणि ओट्यावर बसली. नऊ वर्षं रोज पहाटे येसूनं पंप चालू केला होता, स्वतःच्या पानवेलीला आणि हिच्या केळीलाही. भांडण चालू असताना एक दिवस पाणी चुकलं नव्हतं. "काय बोललीस तू तिला?" तिनं सुनेला विचारलं. अर्चनानं सांगितलं. "मी नीटच बोलले आई, काकींना वाईट वाटायला नको म्हणून."

"अगो, वाईटच वाटायला हवं होतं!" रखमाबाई ओरडली. "तिला वाईट वाटलं असतं तर ती थांबली नसती काय!"

अर्चनाला नोकरीत हे कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी उजाडताच रखमाबाईनं नेसूचं लुगडं बदललं, नाक्यावरची रिक्षा ठरवली आणि दातिवरे गाठलं. येसूबाईची भावजय दारात सुकत टाकलेले बोंबील परतत होती. थोरल्या जावेला बघून ती चाटच पडली.

"बकरी न्यायला आले," रखमाबाई म्हणाली.

"न्या गो बाय, न्या! तीन दिस झाले, पाल्याला तोंड लावीत नाय. नुसती उभी ऱ्हाते आन् आमच्या तोंडाकडं बघते. आमी हिच्याशी काय बोलायचं?"

कमळीनं रखमाबाईला बघितलं आणि असा काही आवाज काढला, की बोंबलावरचे कावळे उडाले. रखमाबाईला भरून आलं. तिनं शेळीच्या मानेला मिठी मारली, चारचौघांत, आणि तिला रिक्षात पायाशी घेतलं.

परतीच्या वाटेवर तिनं निरोपाची तालीम केली. "कमळे, सांग तिला, नको जाऊस. नाय, असं नको. सांग तिला, ऱ्हा इथंच. आमाला काय कोन हाय दुसरं..."

"आजी, मला सांगताय काय?" रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला. "मी नाय जात कुठं. माहीमपर्यंतच चाललोय."

"तू पुढं बघ मेल्या!"

अंगणात पोचली तेव्हा टेम्पो भरून झाला होता. कपाट, गादी, पाटा-वरवंटा, पिंप, सगळ्यांवरून अनुज दोरी आवळत होता. येसूबाई पिण्याच्या पाण्याची कळशी कडेवर घेऊन उभी. रिक्षातून आधी कमळी उतरली, मग रखमाबाई. येसूबाईच्या कडेवरची कळशी हिंदकळली.

रखमाबाई शेळीला शेवग्याकडे घेऊन गेली. घाईघाईत दाव्याची गाठ बसली की नाही हेही तिनं बघितलं नाही. पदर सारखा केला, घसा खाकरला आणि डोळे मिटून सुरुवात केली. डोळे उघडे ठेवायचा धीर होत नव्हता.

"कमळे, सांग तिला. सांग, मी परवा बरं झालं म्हनाले ते खोटं. सांग, ती किल्ली मला नको. सांग, या अंगनात मला सकाळी उठून कोनावर तरी..."

डोळे उघडले तर समोर कमळी नव्हती. गाठ सुटली होती आणि तीन दिवसांची उपाशी शेळी मागच्या दारी आपल्या टोपलीपाशी कचाकचा पाला खात होती. शेवग्याखाली नुसती येसूबाई होती. कमळी जिथे उभी राहायची, बरोबर तिथे. कळशी खाली ठेवून, अगदी समोर.

मधे कुणीच नव्हतं.

टेम्पोवाल्यानं इंजिन चालू केलं. आता मात्र तिचा जीव कळवळला, आणि भीती, मान, लोणचं सगळं बाजूला सारून ती म्हणाली, "येसू, नको गो जाऊस."

येसूबाई थांबली. शेळीला निरोप आणायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच. मग कडाडली, "मग नऊ वर्सं तोंड कुठं गहाण ठेवलं होतंस?"

"माझं तोंड? विहिरीवर चारचौघींत माझ्या लोनच्याला नावं कोनी ठेवली?"

"लोनचं?" येसूबाईचा आ वासला. "लोनच्यावरून अबोला? मी तर समजले पूजेवरून!"

"कसली पूजा?"

"कसली म्हनजे! सत्यनारायनाची! एका अंगनात ऱ्हाऊन तू मला शेजारनीच्या तोंडून आवतन धाडलंस. शेजारनीच्या! तुझे पाय मोडले होते काय? म्हनून मी बोलनं टाकलं."

"अगो, मला ताप होता त्या दिवशी! चार पावलं चालवत नव्हतं. तू टाकलंस? मी टाकलं होतं बोलनं!"

"मी टाकलं होतं!"

"मी!"

अनुजनं इंजिन बंद करायची खूण केली. येसूबाई हळूच म्हणाली, "बाय, म्हनजे आपन दोन येगळ्या भांडनांवर अबोला धरला व्हता?"

"आन् एकाच बकरीवर भागवला," रखमाबाई म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. येसूबाई आधी ओठ दाबून उभी राहिली, मग तीही फिस्सकन हसली, मग शेवग्याला धरून हसली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं दोघींच्या. अर्चना दारातून बघत होती, तीही रडत होती. कशासाठी हे तिला धड सांगता आलं नसतं, आणि गोड करून सांगायचं तर तिनं सोडूनच दिलं होतं.

"आई, टेम्पोवाल्याला काय सांगू?" अनुजनं विचारलं. बिचाऱ्याच्या हातात अजून दोरी होती.

येसूबाईनं मुलाकडे बघितलंच नाही. कमळी तोंडात पाला घेऊन परत येत होती, तिच्याकडे तोंड करून ती म्हणाली, "कमळे, त्याला सांग, सामान उतरव. तू जा कॉलनीत, शनिवार-रविवार येत जा म्हनावं. आन् आदी पाटा-वरवंटा उतरव, जड हाय."

अनुजनं गाठ सोडली. टेम्पोवाला पुटपुटत मागची फळी पाडायला गेला. रखमाबाईनं कनवटीची किल्ली काढून येसूबाईच्या तळहातावर ठेवली आणि ती आपल्या घराकडे वळली. ओट्याच्या पायरीपर्यंत गेली, थबकली, आणि सगळं अंगण ओलांडून पुन्हा मागे आली. कुणाला पाठवता आलं असतं, सून होती, शेळी होती. पण ती स्वतः आली.

"येसू, दुपारी जेवायला ये."

"कोनी बोलावलंय?"

"मी. माझ्या तोंडानं."

येसूबाईनं कळशी पुन्हा कडेवर घेतली, डोळे पुसले आणि म्हणाली, "येते. पन लोनचं वाढू नको."