जमीन धाकटीची, पाणी भाऊजींचं

घराची वाटणी झाली तेव्हा मोठ्या भाऊजींनी जो मोठेपणा दाखवला, त्याची आठवण ते स्वतःच सगळ्यांना करून देत असत. दुसऱ्या कुणाला उगाच तसदी नको. घरामागची सपाट, काळी, लोण्यासारखी जमीन त्यांनी मोठ्या नाइलाजाने स्वतःकडे ठेवून घेतली, आणि तिच्या वरच्या अंगाचा पांढुरका पट्टा धाकट्या भावाला नि त्याच्या बायकोला हसतमुखाने देऊन टाकला. वर म्हणाले, उंचावरची जागा आहे, हवा चांगली लागते. हवा खरंच चांगली लागत होती. तिला अडवायला तिथे गवताचं पातंसुद्धा नव्हतं.

वाटणी तोंडी झाली होती आणि तोंड भाऊजींचं होतं, त्यामुळे तिच्यात पुढेमागे फेरफार करण्याची सोय होती. सासूबाई मध्यस्थ होत्या. त्यांचा स्वभाव फार न्यायी. जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटे, आणि एकदा पटलं की दुसरं कुणी बोलेपर्यंत त्या त्या मतावरून तसूभरही हलत नसत.

धाकटीला, घरात तिला सगळे असंच म्हणत, त्या पट्ट्यावर फुलझाडांची रोपवाटिका करायची होती. लग्नाआधी ती एका रोपवाटिकेत कामाला होती. कलम बांधायला लागली की तिची बोटं अशी चालत, जणू झाडाला कळू न देता तिला ते उरकायचं आहे. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. बिघडलेली कुठलीही वस्तू तो ठीक करू शके, फक्त तिला कुठेतरी स्क्रू असायला हवा. मोठ्या भावाला कुठे स्क्रू सापडत नसल्यामुळे त्या बाबतीत तो गप्प असे.

पहिल्या हंगामात धाकटीने त्या जमिनीचं सगळं केलं. शेणखत घातलं, वाफे बांधले, झेंडूची रोपं लावली, पाणी सोडलं. पाणी जे बसलं ते बसलंच. गढूळ, कोऱ्या चहाच्या रंगाचं, कितीही दिवस गेले तरी खाली जायला तयार नाही. पाय टाकला की साबणावर टाकल्यासारखा सटके. शेवटी उन्हाने पाणी आटलं तेव्हा माती कौलासारखी कडक होऊन तडकली. रोपं आधी पाण्यात उभी राहून सुकली आणि मग कोरड्यात उभी राहून सुकली.

या काळात भाऊजींनी तिला एकटं पडू दिलं नाही. एखाद्या व्रताच्या निष्ठेने ते रोज संध्याकाळी बांधावर येत, हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि सल्ला देत. खोल नांगर, म्हणाले. मग, नांगरलंस तिथेच चुकलं, म्हणाले. जास्त पाणी घाल. इतकं पाणी घालतात का कुणी. एकाच तोंडातून इतकं परस्परविरोधी ज्ञान बाहेर पडताना त्यातल्या कशालाही धक्का लागत नसे, हे विशेष. हंगाम संपता संपता त्यांनी सासूबाईंच्या खोलीत जाऊन जाहीर केलं की पुढच्या वर्षी इथे काही उगवलं नाही तर तिथे पत्र्याचं गोदाम बांधून भाड्याने द्यायचं. पडीक जमीन बघवत नाही, म्हणाले. सासूबाईंना पटलं.

म्हणजे धाकटीच्या हातात एक हंगाम उरला.

तिने रुमालात माती बांधली आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या बाई चष्मा कपाळावर ढकलून बोलायच्या. त्यांनी सांगितलं की ही जमीन चोपण आहे. मातीच्या कणाकणावर सोडियम ठाण मांडून बसलाय, म्हणून माती फुगते, पाण्यात विरघळल्यासारखी होते आणि सगळी भोकं बुजवून टाकते. जिप्सम घाला. त्यातला कॅल्शियम सोडियमला उठवून त्याची जागा घेईल.

"पण नुसतं उठवून भागत नाही, ताई," बाई म्हणाल्या. "पाहुणा खुर्चीवरून उठला आणि दार बंद असलं, तर तो परत बसतो. वरून चांगलं पाणी द्या, ते मातीतून खाली उतरू द्या आणि जमिनीच्या बाहेर काढा. ते पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवा."

ते ठरवणं अवघड नव्हतं. धाकटीच्या पट्ट्याचा उतार भाऊजींच्या जमिनीकडे होता आणि त्यापलीकडे सरकारी नाला. भाऊजींच्या जमिनीच्या कडेने अरुंद चर खणला की काम झालं. अवघड होतं ते भाऊजींचं. त्यांच्या काळ्या जमिनीवर आता हिरवळ होती, गुलाबाचा ताटवा होता, आणि नाल्याच्या बाजूला फरशी घातलेला एक ओटा होता. त्यावर खुर्च्या टाकून ते मित्रमंडळींना संध्याकाळभर बसवत. चर त्या ओट्याखालून गेला असता.

जिप्समची पोती आली तेव्हा भाऊजी मुद्दाम बघायला आले. त्यांनी चिमूटभर पूड बोटांवर घेऊन चोळली आणि ओळख पटल्यासारखी मान हलवली.

"अगं, हे तर आमच्या दिवाणखान्याच्या छताला आहे," ते म्हणाले. "जमिनीला छत घालतेस की काय, धाकटे?"

थोरल्या जाऊबाई पदराआड हसल्या. धाकटीही हसली, कारण हसायला काही पोती लागत नव्हती. मग नवऱ्याने नि तिने मिळून पूड पसरली, कुदळीने वरच्या थरात कालवली, कडेने बांध घातले आणि विहिरीचं गोडं पाणी भरलं. चराचं विचारायला गेली तर भाऊजी म्हणाले, माझ्या ओट्याला हात लावायचा नाही. सासूबाईंना पटलं.

पाणी साचलं ते साचलंच, पण या वेळी एक वेगळंच झालं. गढूळपणा खाली बसला आणि पाणी निवळलं. इतकं निवळलं की त्यात आभाळ दिसायला लागलं. धाकटी त्याच्याकडे बघत बांधावर बसून राही. माती पहिल्यांदाच पाण्यातून बाजूला झाली होती. आता फक्त दार उघडायचं होतं, आणि दारावर भाऊजींचा ओटा होता.

आभाळ भाऊजींनीही पाहिलं. त्याच आठवड्यात ओट्यावरच्या कुणा मित्राने त्यांना सांगितलं की जिप्सम हे खतसुद्धा असतं. झालं. त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण सकाळी ते चहा न घेताच सासूबाईंच्या खोलीत हजर झाले आणि धाकटीला बोलावणं आलं. इतकी पोती खत घातलंय, म्हणाले, आणि त्याचा सगळा अर्क ही बाई नाल्यात सोडायला निघालीय. घरातली वस्तू घरात राहिली पाहिजे. चर खणा, पण नाल्यापर्यंत नाही. त्याचं तोंड माझ्या हिरवळीवर सोडायचं.

धाकटीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग तिने तिच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं की भाऊजी, ते पाणी दिसतं स्वच्छ, पण खारट आहे. जमिनीतला सोडियम त्यातूनच बाहेर येणार. तुमचं गवत जळेल, माती माझ्या पट्ट्यासारखी होईल.

भाऊजी गालातल्या गालात हसले. घेऊ नका असं कुणी आपल्याला इतकं कळकळीने सांगत असेल, तर त्या वस्तूत काहीतरी आहे, हे ओळखण्याइतकं जग त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटी बांधाच्या कडेला खळगा करून त्यात झिरपलेलं पाणी पेल्यात घेऊन सासूबाईंच्या खोलीत भाऊजींपुढे गेली आणि म्हणाली, जरा चाखून तरी बघा. जाऊबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. भाऊजींनी चाखलं नाही. औषध कडूच असतं, म्हणाले.

तेव्हा धाकटीने पेला खाली ठेवला.

"तुम्हाला हवंच असेल तर घ्या," ती म्हणाली. "मी नको म्हटलंय, आई ऐकतायत. पण मग गोदामाचं काय?"

भाऊजींना तिची कीव आली असावी. एवढा अर्क मिळतोय तर तो कौलासारखा पट्टा कोण घेऊन बसणार. ते आईकडे वळले आणि दोन्ही हात हवेत पसरून त्यांनी निकाल दिला.

"जमीन तिची, पाणी माझं. कायमचं. पुन्हा हा विषय नको."

धाकटीच्या ओठावर एक वाक्य आलं होतं, पण सासूबाई नुकत्याच मान डोलावू लागल्या होत्या. तिने ते गिळलं आणि पेला उचलून खोलीबाहेर गेली. शेवटचा शब्द भाऊजींचा राहू दिला.

चर खणताना नवऱ्याने कुदळ थांबवली.

"दादाचं गवत जाईल गं."

"दोनदा सांगितलं मी त्यांना."

"जरा मोठ्याने सांगायचंस."

"मी मोठ्याने बोलते का कधी?"

तो पुन्हा खणू लागला. तिला मात्र ते लागलं. त्या दिवशी देवापुढे बसल्यावर तिसऱ्यांदा सांगून यावं असं तिच्या मनात आलं, आणि ती उठून गेलीसुद्धा. भाऊजी दारातच भेटले. मन बदललं की काय, असं म्हणून त्यांनी तिला आत यायच्या आधीच परत पाठवलं.

मग पाण्याला वाट मिळाली. धाकटी बांध भरे, पाणी मातीत उतरे, झिरपत झिरपत चरात येई आणि चकाकत हिरवळीवर पसरे. सुरुवातीला हिरवळ तरारलीसुद्धा. उन्हाळ्यात ओलावा मिळाला की कुणीही तरारतं. भाऊजींनी ओट्यावरच्या मंडळींना फिरवून ती दाखवली आणि नियोजन म्हणजे काय असतं, ते समजावलं.

मग गवताची टोकं तपकिरी झाली. भाऊजींनी माळ्याला काढलं. गुलाबाची पानं कडेने करपली, तेव्हा रोपं विकणाऱ्याला शिव्या घातल्या. हिरवळीवर पांढरी साय धरली. तेव्हा शेजारच्या घराच्या रंगकामाची धूळ उडते, असा शोध लागला. शेवटी पाणी मुरायचं थांबलं, ओट्याभोवती चहाच्या रंगाचं तळं साचलं, आणि एक जाडजूड मित्र उठायला गेला तर त्याची खुर्ची ओट्याच्या कडेवरून साबणासारखी सटकली. त्यानंतर मंडळी दुसरीकडे बसायला लागली. भाऊजींचं तळं मात्र निवळलं नाही. त्यात आभाळबिभाळ काही दिसत नव्हतं.

वरच्या पट्ट्यावर धाकटी मूठभर माती दाबून बघत होती. ती कौलासारखी राहत नव्हती नि साबणासारखीही होत नव्हती. भुसभुशीत होऊन बोटांतून गळत होती. प्रयोगशाळेतल्या बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि लावा म्हणाल्या. झेंडू लागला. त्यामागे गुलाबाच्या कलमांची रांग उभी राहिली, आणि रस्त्याने जाणारी माणसं थांबून भाव विचारू लागली.

भाऊजी पुन्हा आईच्या खोलीत गेले. धाकटी फुलं ठेवायला तिथेच आली होती. भाऊजी म्हणाले की आता पट्टा सुधारलाच आहे, तर एकदा नव्याने विचार करायला हरकत नाही. मुळात उंचावरची जागा, हवा चांगली, खरं तर थोरल्याचा मान...

सासूबाईंनी फुलं नाकाशी नेली.

"विषय नको म्हणाला होतास ना रे? जमीन तिची, पाणी माझं. त्यावर मग कुणीच काही बोललं नाही." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "का गं, तुला काही बोलायचंय?"

"नाही आई," धाकटी म्हणाली. "भाऊजी बोलले तेच बरोबर."

सासूबाईंना पटलं. आणि शेवटचं ती बोलली होती.

त्या संध्याकाळी भाऊजी बांधावर आले तेव्हा हात पाठीमागे नव्हते. ते पुढे कुठे ठेवायचे हे न कळून त्यांनी एका कलमाच्या काडीला उगीच सरळ केलं. मग इकडे तिकडे पाहून विचारलं, ते छतवालं पोतं एखादं उरलंय का. उरलं होतं. धाकटीने दोन दिली, कालवायचं कसं ते सांगितलं, आणि पाणी नाल्यापर्यंत काढावं लागेल, हेही सांगितलं.

"म्हणजे ओट्याखालून?"

"ओटा काढून, भाऊजी."

त्यांनी वळून ओट्याकडे पाहिलं. त्यांची एक खुर्ची अजून तळ्यात आडवी पडली होती.

ओटा निघाला. चर नाल्यापर्यंत गेला आणि दोन्ही जमिनींचं पाणी त्यातून वाहू लागलं. आता भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून निचऱ्याचं महत्त्व सांगतात, आणि ही कल्पना आपल्याला कशी सुचली तेही सांगतात. अशा वेळी धाकटी रोपांना पाणी घालत असते. ती मान हलवते. आवाज तिचा आधीपासूनच लहान.